सतरा वेळा उघडलेला कार्बोरेटर

"…मग सांगा उस्ताद, दोष कार्बोरेटरचा नाही तर कुणाचा?"

प्राध्यापक अच्युतराव नेर्लेकरांनी प्रश्न विचारला खरा, पण उत्तराची त्यांना तशी गरज वाटत नव्हती. कॉलेजात तीस वर्षं 'इंजिन' हाच विषय शिकवून ते निवृत्त झाले होते. मिरजेत दस्तगीर उस्तादांच्या गॅरेजात ते आले होते ते केवळ नाइलाजाने.

गाडी वडिलांच्या वेळची, बासष्ट सालची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढे जायच्या आधी अडखळायची, दोन आचके द्यायची आणि मनात आलं तर बंद पडायची. काल ती भर चौकात बंद पडली. वत्सलाबाईंना पैठणी नेसून धक्का मारावा लागला. घरी आल्यावर बाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "रविवारपर्यंत नीट झाली नाही, तर गिऱ्हाईक तयार आहे माझ्याकडे."

उस्ताद स्टुलावर बसून बशीतला चहा पीत होते.

"किती वेळा उघडला?"

"सतरा."

"फरक पडला?"

"माझा अभ्यास वाढला."

उस्तादांनी बशी खाली ठेवली. बॉनेट उघडलं. एअर फिल्टर काढला.

"चालू करा."

इंजिन खोकत खोकत सुरू झालं. उस्तादांनी कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरला, अर्धवट.

इंजिन एकदम सुरळीत झालं.

"अहो, तिचा श्वास कोंडताय तुम्ही!"

"मग चालते कशी?"

"…पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत असणार. मिश्रण पातळ. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवायचो."

"हवा येते कुठनं?"

"तोंडातून."

"तोंड तर मी धरलंय, साहेब."

अच्युतराव बोलायचं सोडून वाकून बघू लागले. हे त्यांच्या बाबतीत क्वचितच घडायचं.

उस्तादांनी हात काढला. इंजिन पुन्हा खोकू लागलं. मग त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी, सांध्यावर, तेलाचे चार थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं आणि खोकला थांबला.

इंजिन बंद करून त्यांनी कार्बोरेटर उतरवला आणि काचेच्या तुकड्यावर उभा ठेवला. तो डुगडुगला.

"बूड वाकलंय. फटीतनं हवा शिरते. नट किती आवळायचात?"

"घट्ट. दर वेळी आधीपेक्षा जरा जास्तच."

"आणि पहिल्यांदा कशासाठी उघडला होता?"

अच्युतरावांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"गाडी छान चालली होती… म्हटलं, अजून छान चालेल."

उस्ताद हसले नाहीत. तेच अच्युतरावांना जास्त लागलं.

काचेवर पॉलिश पेपर पसरून उस्तादांनी ते बूड अर्धा तास घासलं, सपाट केलं. सांध्यातून हवा शिरू नये म्हणून नवं गॅस्केट घातलं. लहानसा पाना दोन बोटांत धरून नट आवळले आणि अच्युतरावांचा हात पुढे येतोय असं दिसताच पाना खिशात टाकला.

अच्युतराव स्टेशनपर्यंत जाऊन आले. एक आचका नाही, एक खोकला नाही. वडील शेजारी बसल्यासारखे वाटले त्यांना. परत येताच त्यांनी घरी फोन लावला. "गिऱ्हाइकाला नको म्हणून सांग. आणि हो, रविवारी तू पुढेच बसायचंस."

मग ते उस्तादांपुढे हात जोडून उभे राहिले.

"तीस वर्षं मी शिकवलं. आता तुम्ही मला शिकवा. इंजिन ऐकायचं कसं?"

उस्तादांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"ऐका."

अच्युतरावांनी डोळे मिटले. मान तिरकी केली. कान टवकारले.

…

पाव मिनिट गेलं असेल.

"उस्ताद, काहीच ऐकू येत नाही. याचं कारण असं असावं की—"

"साहेब," उस्ताद म्हणाले, "बंद गाडी गप्प राहून ऐकता आली, की चालू घेऊन या."