पाण्याची घंटा

"घंटा वाजवूनही पोरी पाणी पीत नसतील, तर माणसानं अजून करायचं तरी काय, अप्पा?"

हत्तुरे गुरुजींनी हे विचारलं तेव्हा ते मोटारसायकलवरून पुरते उतरलेही नव्हते. एक पाय जमिनीवर, एक पाय गाडीवर.

अप्पांनी रांजणात ओगराळं बुडवलं, फुलपात्र भरलं आणि पुढे केलं.

गुरुजी उभ्यानंच प्याले.

"बसून घ्या," अप्पा म्हणाले, आणि दुसरं भरलं.

अप्पांचा मठ म्हणजे काही मोठा मठ नव्हे. सडकेला लागून एक चिंच, चिंचेखाली दगडी पार, पाराच्या मागे दोन खोल्या. अप्पा तिथले सांभाळणारे. शाळेची पायरी ते कधी चढले नव्हते. सही म्हणून अंगठा. पण आसपासच्या चार गावांत कुणाचं काही अडलं की लोक अप्पांकडे येत, आणि अप्पा आधी पाणी देत. पुष्कळांचं काम तेवढ्यावरच होऊन जाई.

दुसरीकडच्या पाणपोया पाडव्याला मांडतात आणि मृग निघाला की रांजण पालथे घालतात. अप्पांचा रांजण बारा महिने उभा. आता पौष चालला होता, दुपारीसुद्धा अंगावर उपरणं लागत होतं, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची हाक चालूच होती. घोटभर घ्या, मग जा.

"एवढ्या थंडीत कोण पितं हो?" गुरुजींनी विचारलं.

"उन्हाळ्यात तहान ओरडती, गुरुजी. थंडीत गप बसती. गप बसलेल्याला आपण होऊन विचारावं लागतं."

गुरुजींनी मान हलवली. त्यांना ते पटलं. फळ्यावर लिहायला बरं, असंही वाटलं.

मग ते पारावर बसले आणि मन मोकळं करू लागले.

गोष्ट अशी झाली होती की गुरुवारी प्रार्थनेच्या रांगेत आठवीतली श्रीदेवी उभ्या उभ्या कोसळली. ऊन म्हणावं तर ऊन नाही. उपाशी म्हणावं तर भाकरी खाऊन आलेली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोरीच्या अंगात पाणीच नाही. आणि लघवीची जळजळ तिला दिवाळीपासून आहे, बोलली कुणालाच नाही.

गुरुजींनी त्यातलं पहिलं ऐकलं. दुसरं बायकांचं म्हणून कानाआड केलं.

श्रीदेवीला आईबाप नव्हते. आजीनं, निंगव्वानं वाढवलेली. आजीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, बास झाली शाळा. जीव राहिला तर शिक्षण. सोमवारपासून पोरगी घरी, शेळ्या राखील. आणि हीच पोरगी गुरुजींनी शिष्यवृत्तीला बसवलेली. गणितात असं डोकं त्यांच्या बावीस वर्षांत दुसरं आलं नव्हतं.

म्हणून ते आज, शनिवारची सकाळची शाळा सुटल्या सुटल्या, थेट इथं आले होते. अप्पांनी एकदा शाळेत यावं. श्रीदेवीला आणि सगळ्याच पोरींना दोन शब्द सांगावेत. अप्पांचं ऐकतात सगळे.

"तुम्ही काय काय केलंत?" अप्पांनी विचारलं आणि तिसरं फुलपात्र भरलं.

आता हे विचारायला नको होतं. गुरुजी खुललेच.

शाळेची घंटा वेगळी आणि पाण्याची घंटा वेगळी, हे त्यांचंच डोकं. पाण्याची घंटा पितळी, बारीक आवाजाची, खास सोलापूरहून आणलेली. दिवसातून तीनदा वाजते. वाजली की प्रत्येकानं बाटली तोंडाला लावायची. उन्हाळा असो, पाऊस असो, थंडी असो. भिंतीवर घोषवाक्यं आहेत. वर्गावर्गात तक्ता आहे. संध्याकाळी गुरुजी स्वतः बाटल्या तपासतात.

"रिकाम्या असत्यात?"

"एकूण एक. उलट्या करून बघतो मी."

"शिकवणाऱ्या बाई पितात?"

"कलशेट्टी बाई? त्या तर चहासुद्धा अर्धाच कप घेतात. फार साधी बाई."

"झाडंबिडं काही लावलीत शाळेत?"

"जास्वंद बघायला या, अप्पा. आठवीच्या खिडकीखाली आहे. पौषात अशी फुललेली जास्वंद तालुक्यात दाखवा मला."

"पाणी कोण घालतंय तिला?"

गुरुजींनी जरा आठवून पाहिलं.

"कुणीच नाही. जमीनच तशी आहे."

"असंल," अप्पा म्हणाले.

…

चौथं फुलपात्र आलं. बोलता बोलता गुरुजींनी तेही संपवलं.

"आणि मुलींचा संडास?"

गुरुजींची छाती एक बोट वर आली. चार वर्षांमागं स्वच्छ शाळेचं पारितोषिक मिळालं होतं, ते त्या संडासामुळंच. मुलींचा आणि बाईंचा मिळून एकच, पण काय सांगावं. पांढऱ्याशुभ्र फरश्या. आजही तशाच. पाहुणे आले की गुरुजी आधी तोच दाखवतात.

"चार वर्षं तशाच? कसं जमवलंत?"

"कुलूप," गुरुजी म्हणाले आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवला. "किल्ली इथं असते. मी कुणाला अडवत नाही हं. मागितली की देतो."

"मागतात?"

"मागतच नाहीत कुणी. गरज पडत नसावी."

"आणि पोरं?"

"पोरांचं काय, अप्पा. मागं बाभळी आहेत."

अप्पांनी पाचवं फुलपात्र भरलं. गुरुजींच्या हातात दिलं.

या वेळी गुरुजींनी ते लगेच तोंडाला लावलं नाही.

थंडीचे दिवस. वरून चार फुलपात्रं. त्यांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले. मग पाय एकावर एक घेतले. मग इकडं तिकडं पाहिलं.

मठाच्या मागं हरभऱ्याचं रान होतं. वीतभर उंचीचं.

पुढं सडक.

आणि चिंचेच्या दुसऱ्या अंगाला एस्टीची वाट बघत तीन बायका बसलेल्या. त्यातली मधली निंगव्वा. श्रीदेवीची आजी. ती इतका वेळ गुरुजींकडं पाठ करून बसली होती.

गुरुजी अप्पांकडं सरकले.

"अप्पा, मागं… सोय आहे ना?"

"हाय की."

गुरुजी उठले.

"कुलूप हाय," अप्पा म्हणाले.

गुरुजी थांबले.

"वर्षातून दोनदा थोरले स्वामी येतात. त्यांच्यासाठी चांगलं राखलंय. आम्ही अडवत नाही कुणाला. मागितली की किल्ली देतो."

"मग द्या," गुरुजी हळूच म्हणाले.

अप्पांचे कान तसे चांगले होते. कोणतं पाखरू कोणत्या फांदीवर बसलंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. पण त्या दुपारी काय झालं कोण जाणे.

"काय म्हणालात?"

"किल्ली."

"कशाची?"

तिन्ही बायकांची बोलणी थांबली. निंगव्वानं मान वळवली.

गुरुजींचे कान तापले. बावीस वर्षं चारशे पोरांसमोर खणखणीत बोललेला माणूस. सव्वीस जानेवारीला ज्यांचं भाषण कर्ण्याशिवाय वेशीपर्यंत जायचं. त्यांच्या तोंडून एक शब्द फुटेना.

"काही नाही," ते म्हणाले आणि पुन्हा बसले. दोन्ही गुडघे जवळ घेऊन.

अप्पांनी फुलपात्राकडं बोट केलं. ते अजून भरलेलंच होतं.

"घ्या की."

"नको."

"तहान नाही?"

"आहे… पण नको."

चिंचेवरून एक वाळलेली शेंग पडली.

मग निंगव्वा तिकडून म्हणाली, अगदी शांतपणे, "प्या की गुरुजी. पाणी पिलेलं चांगलं असतंय. भिंतीवर लिवलंय न्हवं तुमच्या?"

बाकीच्या दोघींनी पदर तोंडाला लावले.

गुरुजींनी मान खाली घातली. पाण्यात चिंचेची पानं हलताना दिसत होती. ते त्या पाण्याकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना एकेक दिसू लागलं. शाळा सुटली की श्रीदेवी पळत सुटायची. एकदा त्यांनी तिला त्यावरून सगळ्यांदेखत हटकलंही होतं. पोरीच्या जातीनं जरा सावकाश चालावं. ती मान खाली घालून उभी राहिली होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. आत्ता ते स्वतः बसले होते तशीच.

कलशेट्टी बाईंचा अर्धा कप.

खिडकीखालची जास्वंद…

डॉक्टरांचं दुसरं वाक्य आता त्यांना ऐकू आलं.

गुरुजींनी फुलपात्र पारावर ठेवलं. उठून उभे राहिले. घसा साफ केला.

"अप्पा," ते मोठ्यानं म्हणाले, पार सडकेच्या पलीकडं ऐकू जाईल असं, "मला लघवीला जायचंय. किल्ली द्या."

अप्पांनी मागं बोट केलं.

गुरुजी गेले. चालले म्हणण्यापेक्षा सुटले म्हणावं. मठाला वळसा घातला. दारापुढं पोचले.

तिथं कुलूप नव्हतं. नव्हतंच कधी. नुसतं दार होतं, आणि आतल्या अंगाला कडी.

परत आले तेव्हा त्यांच्या अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं. पण ते हसले नाहीत. सरळ निंगव्वासमोर जाऊन उभे राहिले.

"आजी, चूक माझी आहे. पोरीची नाही. सोमवारी एक दिवस पाठवा तिला. नाही पटलं तर शेळ्या आहेतच."

निंगव्वानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. एस्टी आली. तिनं पिशवी उचलली.

"बघू," ती म्हणाली आणि चढली.

आठ दिवस गेले.

पुढच्या शनिवारी गुरुजी आले ते आधी गाडीवरून नीट उतरले. पारावर बसले. फुलपात्र हातात घेतलं आणि बसूनच, सावकाश प्याले.

मग गुरुजी आपणच सांगू लागले. श्रीदेवी आली. सोमवारी संडासाच्या दाराशी घुटमळत होती. दार नुसतं लोटलेलं दिसलं तेव्हा मागं वळून कलशेट्टी बाईंकडं बघितलं, आणि दोघी हसल्या. बुधवारी तिची बाटली दुपारच्या आत संपली. संपली म्हणजे पिऊन संपली. मग ती पुन्हा भरायला आली. बाईंनी चहाचा दुसरा कप मागितला, चार वर्षांत पहिल्यांदा.

"जास्वंद?"

"सुकायला लागली."

अप्पा एवढे हसले की त्यांना ओगराळं खाली ठेवावं लागलं.

गुरुजीही हसले, मग जरा गंभीर झाले. म्हणाले, फरश्या आता पांढऱ्या राहिल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः खराटा घेतला. पोरं बघतच राहिली. आता वर्गावर्गाच्या पाळ्या लावल्यात, मुलींच्या आणि मुलांच्याही. तरी डाग पडतातच. पुढच्या महिन्यात तपासायला समिती येणार.

"पारितोषिक जाईल, अप्पा."

"कुठं जाईल? भिंतीवर हाय की टांगलेलं."

गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि पितळी कुलूप काढून पारावर ठेवलं. जड, चांगलं किमती. किल्लीला लाल दोरा.

"हे आता कशाला लावू?"

अप्पांनी कुलूप उचललं. उलटंसुलटं करून पाहिलं. किल्ली फिरवून बघितली. खटका चांगला होता.

लांबून कुणी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होतं. अप्पांनी त्याच्यासाठी फुलपात्र भरून ठेवलं. मग कुलूप गुरुजींच्या हातात परत दिलं.

"पाण्याच्या घंटेला लावा."