ठकूबाईच्या टाचा

"टाच टेकली की गेला!" असा राजा वीरधवलाचा हुकूमच सुटला होता.

झालं होतं असं, की शेजारच्या राज्याची राणी पाहुणी आली आणि हसत हसत म्हणाली, "महाराज, तुमची चाल अगदी अस्वलासारखी! अख्खं पाऊल टेकता!" राजाला ते झोंबलं. वाघ बोटांवर चालतो, घोडा खुरांवर. टाच टेकवतं ते अस्वल आणि माकड! आता राजवाड्यात सगळ्यांनी चवड्यांवरच चालायचं. ज्याची टाच टेकेल, तो अस्वल. त्याला वेसण घालून अस्वलं नाचवणाऱ्या दरवेशाच्या हवाली करायचं!

पहिल्याच दिवशी सापडली ठकूबाई. राजाच्या मुदपाकखान्यात ती ताक घुसळायची. देह ऐसपैस आणि पावलं पोळपाटासारखी सपाट. ओल्या पायांनी चालली, की फरशीवर दोन भाकऱ्या उमटायच्या!

"नाव काय तुझं?" राजा गरजला.

"ठकूबाई, सरकार. नाव बोटभर, पाय हातभर."

"टाच का टेकवलीस?"

"मी कुठं टेकवली? ती जन्मापासून टेकलेलीच आहे. उचलायची तर चार भोई लागतील!"

दरबार खुदखुदला. राजा मात्र हसला नाही.

"जीभ बरी चालते तुझी! उद्या ताकाने काठोकाठ भरलेला हंडा घेऊन दारापासून सिंहासनापर्यंत ये. टाच टेकली किंवा थेंब सांडला, तर दरवेशी तयारच आहे!"

ठकूबाईने घरी जाऊन करून पाहिलं. दुसऱ्याच पावलाला हंड्यासकट आडवी! 'मला नाचताना बघायला कोण येणार? बिचाऱ्या दरवेशाचा धंदा बुडेल,' असं म्हणून ती हसली खरी, पण उद्या काय करायचं ते सुचेना. तेवढ्यात सांडलेलं ताक चाटायला मांजर आलं. चारी पायांनी, अगदी बोटांवर, अलगद. ठकूबाई बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. ठकूबाईने हंडा दारातच ठेवला, पदर खोचला आणि टाचा वर करून, हातापायांच्या बोटांवर रांगत, धापा टाकत सिंहासनापुढे आली!

"हा काय प्रकार? हंडा कुठाय?"

"बोटांवर चालायचं तर वाघासारखे चार पाय लागतात, सरकार. ते चारही जमिनीवर गुंतले. मग हंडा धरू कशाने? डोक्यावर हंडा घेतलेला वाघ पाहिलाय का कुणी?"

"मग हंडा आणायचा कुणी?"

"दोन पायांवर उभं राहायला भक्कम टाच लागते. वाघाचं हे काम नव्हे. हुकूम असेल तर अस्वल बोलावते!"

सकाळपासून चवड्यांवर उभं राहून राजाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. तो कण्हत म्हणाला, "बोलाव तुझं अस्वल!"

ठकूबाई कंबर धरून उठली. थप थप पावलं टाकत गेली आणि हंडा डोक्यावर घेऊन आली. थेंब सांडला नाही!

"अस्वल हजर आहे, सरकार!"

राजाने तिच्या पावलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. हळूच दोन्ही टाचा खाली टेकवल्या. इतकं बरं वाटलं, की त्याला हसू आवरेना!

"आण ते ताक इकडे! दुसरं अस्वल कधीचं तहानलंय!"

हुकूम तिथेच रद्द झाला. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईला दिलं. तिने ते रेटून मनगटात चढवलं, आणि मग काही केल्या ते निघेचना!