टेस्टर लागला नाही

"मठात ती तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी तरी यीन. दोन्हीतलं एक काय ते सांगा, अण्णा!"

धोंडीराम चौगुले खोलीत शिरला तो हे बोलतच. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पायातली चप्पल काढायचंही भान नव्हतं. उजव्या हाताची बोटं त्याने डाव्या मुठीत घट्ट धरली होती.

अण्णा टेबलफॅनसमोर बसून शेंगा फोडत होते. मठ त्यांचा, पण महाराज म्हटलेलं त्यांना खपत नसे. पूर्वी मठ सांभाळूनच ते गडहिंग्लजला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवत. धोंडीराम वायरमनचं काम त्यांच्याच हाताखाली शिकला. आता चौकात त्याचं स्वतःचं दुकान होतं, आणि आपल्यासारखा वायरमन तालुक्यात नाही हे तो न विचारताही सांगत असे.

"कोण ती?" अण्णांनी विचारलं.

"शेवंतामावशी. दुसरं कोन?"

शेवंताबाई मठाचं स्वयंपाकघर सांभाळत असे. नवरा गेल्यापासून तिला मठाशिवाय दुसरं घर नव्हतं.

"तिनं काय केलं?"

"जीव घेतला असता माझा! स्वयंपाकघरातली वायर बदलायची म्हनून बोर्डावरचा मेन स्विच पाडला, शिडीवर चढलो. टेस्टर लावला. त्यातला दिवा लागला न्हाई. म्हंजे लाईन बंद. वायरीला हात घातला आन् धाडकन खाली! बोर्डापाशी एकटी तीच हुती. मेन तिनंच वर केला."

"केलेला बघितलास?"

"बघायचं काय त्यात? बंद लाईन आपसूक चालू हुती व्हय?"

"तिला विचारलंस?"

"इचारलं न्हाई, सांगितलं. चारचौघांत सांगितलं, गाठोडं बांध म्हनून. तर म्हनती कशी, 'मी बोर्डाला हातच लावला न्हाई, बाबा.' खोटं बोलती, वर तोंड करून!"

खोटं बोलते म्हणे! दुकानावर शिकत होता तेव्हा याचा दुपारचा डबा मठातून जायचा आणि तो हीच बाई भरायची. पोराला पुरायला हवं म्हणून स्वतःच्या वाटणीची भाकरीही त्यातच घालायची. आणि आज तोच पोरगा तिला चारचौघांत चोरासारखी हाकलत होता. ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा असं ते बोलणं होतं.

अण्णा मात्र शेंगा फोडत राहिले.

"सकाळपासून काय काय झालं तुझं?"

एवढं विचारायचीच खोटी होती.

"काय व्हायचं ऱ्हायलंय? सकाळी देसाई गुरुजींच्या न्हाणीघरात गिझर बसवाय गेलो. भोक पाडलं तर आतनं पान्याची चिळकांडी! भिंतीत पाईप कुठनं गेलाय ते गुरुजींनी सांगाय नको? डोळ्यांत पानी, हातात ड्रिल... पिशवी सुटली, सगळी हत्यारं शिडीवरनं फरशीवर."

"मग?"

"मग मगदुमांच्यात गेलो. टेस्टर लागला न्हाई म्हनून मेलेली वायर समजून बेलला जोडली. तर ती जित्ती! बेल वाजाय लागली ती थांबंचना. झोपलेला म्हातारा चोर चोर म्हनत काठी घेऊन माझ्याच अंगावर! आधीच्या वायरमननं घान करून ठेवलीया, आन् काठी कुनाला? मला!"

"आणि मग इथं."

"हितं तर मरनाचा शॉक. वर तोंड धुवावं म्हटलं, तर नळाला पानी न्हाई. मठ हाय का काय हाय!"

"म्हणजे सगळ्यांचीच चूक."

"सगळ्यांची! मी एकट्यानं कुठं कुठं बघायचं?"

अण्णांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि हात पुढे केला.

"टेस्टर दे."

धोंडीरामने खिशातून काढून दिला.

अण्णांनी टेबलफॅनची पिन उपसली. पंखा हळूहळू थांबला. त्याच प्लगात त्यांनी टेस्टर घातला, वर बोट ठेवलं. टेस्टर लागला नाही. दुसऱ्या भोकात घातला. तिथंही नाही.

मग त्यांनी पिन परत खोचली. पंखा भरभर फिरायला लागला आणि टरफलं खोलीभर उडाली.

"लाईन बंद आहे," अण्णा म्हणाले.

"पंखा फिरतोय की, अण्णा."

"टेस्टर लागला नाही."

धोंडीरामने टेस्टर जवळजवळ हिसकावून घेतला. स्वतः पिन काढली, स्वतः लावून पाहिलं. एकदा, पुन्हा एकदा. मग टेस्टर उजेडाकडे धरून त्याच्या आत डोकावला.

"सकाळी पडला, त्यात गेला असंल..." आवाज जरा खाली आला होता. पण तेवढ्यापुरताच. "बरं, गेला टेस्टर! पन मेन? मेन तर मी सोता पाडला हुता!"

"कुठला?"

धोंडीराम ताडताड बाहेर गेला.

स्वयंपाकघरातल्या बोर्डावर दोन मेन होते. एक स्वयंपाकघराचा, एक बोअरच्या मोटारीचा. स्वयंपाकघराचा वर होता. खाली पाडलेला होता तो मोटारीचा. म्हणूनच टाकीत पाणी चढलं नव्हतं आणि नळ कोरडा पडला होता.

तो परत आला तेव्हा कान लाल झाले होते. पण हार मानेल तो धोंडीराम कसला.

"एकसारखे दोन मेन शेजारी शेजारी... वर नाव न्हाई, निशानी न्हाई! कुठल्या गाढवानं बसवलेत?"

"तू," अण्णा म्हणाले.

पंखा फिरत होता.

धोंडीराम भिंतीला टेकून खाली बसला. चप्पल पायात आहे हे आत्ता कुठे त्याच्या लक्षात आलं. ती काढून त्याने उंबऱ्याबाहेर सरकवली.

"उद्या नवा टेस्टर घेतो," तो पुटपुटला.

"घे. घेतलास की पहिल्यांदा कुठं लावायचा?"

"तुम्हीच शिकवलंय की. जिथं लाईन हाय म्हनून पक्कं ठावं असतं, तिथं. तिथं लागला तरच त्यो खरा. मग दुसरीकडं."

"आज लावला होतास?"

"न्हाई..."

अण्णांनी एक शेंग फोडली आणि दाणे त्याच्यापुढे धरले. त्याने घेतले नाहीत.

"शेवंता खोटं बोललेली तुला कधी आठवते?"

धोंडीरामने मान खाली घातली. तो आठवत होता. अगदी मन लावून, काहीतरी सापडावं म्हणून आठवत होता. मठात तूप सांडलं तर कुणी विचारायच्या आत आपलं नाव सांगणारी ती बाई. त्याला काय सापडणार?

"कधीच न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे तिथली लाईन पक्की. पायरीवर बसलीय ती. गाठोडं बांधून. तुझ्याआधीच येऊन सांगून गेली, अंधार पडायच्या आत निघते म्हणून. कुठं जाणार, ते तिलाही ठाऊक नाही."

धोंडीराम उठला. दारापर्यंत गेला आणि चौकट धरून थांबला.

"अण्णा... काय बोलू तिच्याशी?"

"बोलू नकोस," अण्णा म्हणाले. "नुसता तिच्यापुढं उभा राहा. लागतोस का बघ."