मापट्याचे ग्रॅम

"बाबा, पण एका मापट्यात तांदूळ बसतो तरी किती?"

"बसतो तेवढा."

भार्गवने कपाळावर हात मारला. कोल्हापूरच्या हॉटेलात पाच वर्षं भटारखाना सांभाळलेला गडी. शहाणा खरा, पण अंमळ जास्तच. केवळनाथ बाबांची नजर अधू झाली, म्हणून मठाचं स्वयंपाकघर सांभाळायला तो डोंगर चढून आला होता. आठवड्यात जमलं तर राहायचं, नाही तर खाली उतरायचं. आणि खाली त्याचं कुणी नव्हतं.

येताना त्याने बॅटरीचा वजनकाटा आणला होता. पहिल्याच दिवशी भिंतीवर खडूने लिहून टाकलं... एक मापटं तांदूळ चारशे साठ ग्रॅम, तूरडाळ चारशे चाळीस, कणीक तीनशे. आता मापट्याची कटकटच नको, म्हणाला.

बाबा म्हणाले, बरं.

मठात चाळीस माणसं, भार्गव धरून. दहा मापटी तांदूळ लागायचा. त्याने काट्यावर चार किलो सहाशे ग्रॅम घेतला आणि शिजवला. शेवटी स्वतः बसला, तर हंड्यात शीतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तेच.

काट्यातच खोट असणार, म्हणून त्याने मिठाची किलोची पिशवी ठेवून पाहिली. बरोबर एक किलो भरली. आता मात्र त्याला मनातून भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः तांदळाजवळ बसले. धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. बाबांनीही डोळे मिटून, कुणाला हाक मारावी तसं म्हटलं, "लाभ..."

मग दोन, तीन, असं करत दहा.

भार्गवने ते सगळं काट्यावर घातलं. चार किलो सहाशे. ना एक दाणा कमी, ना एक जास्त.

त्या दुपारी सगळे जेवले. भार्गव पोटभर जेवला, वर हंड्यात दोन मुठी भात उरला.

तेच तांदूळ, तेच वजन, तीच तोंडं. त्याचं डोकं चालेना. तो गुपचूप उष्ट्या पत्रावळ्या गोळा करायला लागला, आणि सवयीने मोजत गेला.

एक्केचाळीस.

पुन्हा मोजल्या. मांडताना त्यानेच चाळीस मांडल्या होत्या. शेवटच्या पत्रावळीवर भात पुसून खाल्लेला होता, बोटांच्या रेघा अजून ओल्या होत्या. भार्गवच्या पाचावर धारण बसली.

धडपडत तो ओट्याशी गेला. बाबा तिथे शांत बसले होते. काय पाहिलं ते त्याने सांगितलं. म्हणाला, मला इथे राहायचं नाही, आत्ताच निघतो.

बाहेर नळाखाली पाणी पडल्याचा आवाज येत होता. अंगणात कुणी नव्हतं.

"बाबा... तिथे कोण आहे?"

बाबांनी त्याचा हात हातात घेतला.

"त्यांना तुझा भात आवडला, तुला ठेवून घे म्हणालेत... आणि जरा हळू बोल. अजून आचवतायत ते."