कोरड्या पायाची खूण

त्या राज्यात पिसं गळत होती. आधी शेपटीची, मग पंखांची, मग पोटावरची मऊ. आणि पोट उघडं पडलेला पक्षी थंडीत फार काळ टिकत नसे. राज्यात दोन तळी होती, मध्ये उडूनही ओलांडता न येणारा डोंगर, आणि डोंगरात एकच खिंड. आजार आधी कुठल्या तळ्यावर आला हे खात्रीने सांगणारे पक्षी दोन्हीकडे होते. खात्रीही दोन्हीकडे सारखीच होती.

औषध मात्र एकाच बाजूला सापडलं. वरच्या तळ्यात करकोच्यांचं बेट होतं आणि बेटावर एक झाड होतं. त्याच्या खोडातून लाल डिंक पाझरे. त्याचा थेंब मऊ असताना गिळला की पिसं टिकत. वाळून कडक झाला की तो नुसता खडा. करकोच्यांनी एकेक थेंब घेतला. मग सावधगिरी म्हणून दुसरा. मग अजून न घातलेल्या अंड्यांसाठी ढीग बाजूला काढून ठेवले. हे चुकीचं होतं असं ठामपणे म्हणवत नाही. ज्याच्या घरट्यात अंडी आहेत, त्याने आधी आपलं मन तपासून पाहावं.

मग खिंड बंद झाली. ज्याने थेंब घेतला त्याच्या पायावर गेरूची खूण करायची आणि खूण असेल त्यालाच खिंडीतून वर सोडायचं, असं ठरलं.

खिंड बंद झाली त्या दिवशी एक टिटवी खालच्या तळ्यावर अडकली. तिचं पिल्लू वरच्या तळ्याकाठच्या माळावर होतं. ती फक्त आजारी आईला बघायला उतरली होती आणि ऊन कलायच्या आत परतणार होती, पण आई म्हणाली, "आलीच आहेस तर चार किडे खाऊन जा गं." ती खात बसली. पुढे कित्येक दिवस किडा चोचीत धरला की तो तिच्या घशाखाली उतरेना.

पिल्लाजवळ त्याचा बाप होता, हे खरं. पण टिटव्यांमध्ये एक रीत असते. त्या उताण्या झोपतात, पाय वर करून. आभाळ खाली आलंच तर ते पेलायला कोणीतरी हवं ना, म्हणून. पिल्लाला हे आई शिकवते, आधी डावा पाय, मग उजवा. या पिल्लाचा डावा पाय वर राहायला लागला होता. उजवा शिकवायचा राहिला होता. शेपटीचं पहिलं पीस फुटलं की टिटवीच्या पिल्लाला नवं काही शिकवता येत नाही, आणि तोवर जी जवळ नव्हती तिची हाकही त्याला ओळखू येत नाही. बाप प्रेमळ होता, पण डावा आधी की उजवा हे तो अजूनही टिटवीला विचारूनच झोपायचा.

खालच्या तळ्याचाही वाटा निघाला. मोठी सभा भरली. आभाळ सगळ्यांचं एकच आहे, असं करकोच्यांनी माना उंच करून सांगितलं आणि पुष्कळांचे डोळे भरून आले. वाटा कासवांच्या पाठीवर लादला गेला, कारण मोकळे पंख दुसऱ्या कामांत गुंतले होते. तो पोचला तेव्हा बहुतेक थेंबांचे खडे झाले होते. बदकांची पिल्लं ते चिखलातून घरंगळवत खेळू लागली. खडा उन्हाकडे धरला की त्यातून पलीकडचं सगळं लाल दिसे.

तळाशी थोडे थेंब मऊ राहिले होते. त्यांतला एक टिटवीच्या वाट्याला आला. तिने तो गिळला आणि खूण करणाऱ्या पाणकोंबडीपुढे जाऊन उभी राहिली.

"पाय," पाणकोंबडी म्हणाली.

"कुठला देऊ?"

"बाई, मागे रांग आहे."

टिटवीने डावा पुढे केला. गेरू लागल्यावर तिला वाटलं, उजवाच बरा होता. "दोन्हींवर लावता येईल का हो?"

"लावते की. मुंडावळ्याही बांधू? चला, पुढे व्हा!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. टिटवीही हसली, आणि डावा पाय जमिनीला फारसा न टेकवता खिंडीकडे निघाली. पोचेपर्यंत ऊन उतरलं. खिंड उजाडल्यावरच उघडे, म्हणून ती तिथल्याच एका खडकावर उताणी झाली आणि सवयीने दोन्ही पाय वर करून झोपली. पहाटे दव पडलं.

खिंडीच्या तोंडाशी बगळा पहाऱ्याला होता. टिटवीने पाय पुढे केला. पाय पिवळाधमक होता, लख्ख धुतलेला.

"खूण?"

"काल होती हो."

"काल मी नव्हतो बघायला."

"थेंब आहे ना पोटात माझ्या!"

"पोट आम्हाला दिसत नाही, बाई. पाय दिसतो."

"दवाने गेली. मी पाय वर करून झोपते. आम्ही सगळेच…"

"ते का?"

"आभाळ…" एवढं बोलून टिटवी थांबली. ही गोष्ट मोठ्याने सांगितल्यावर कशी वाटते, ते तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

बगळा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नीट समजावून सांगितलं. करकोचा पाण्यात एका पायावर झोपतो आणि दुसरा पोटाशी घेतो. खूण त्या कोरड्या पायावर करतात. आजवर कुठल्याही करकोच्याची खूण पुसलेली नाही. "पाय पोटाशी घेऊन झोपायचं. साधी गोष्ट आहे."

"माझ्या चोचीपाशी लाल आहे बघा," टिटवी म्हणाली, आणि म्हणताच शरमली.

"ते जन्माचं. जन्माचं चालत नाही."

"मग नवी खूण?"

"नवा थेंब घ्या, नवी खूण मिळेल."

"थेंब संपलेत, दादा."

"मग थांबा," बगळा म्हणाला आणि तिच्या मागच्या पक्ष्याचा पाय पाहू लागला.

खालच्या तळ्यावरून वारा सुटला. गळलेली पिसं त्याच्याबरोबर वर आली, बगळ्याच्या डोक्यावरून गेली आणि खिंडीपलीकडे उतरली. त्यांना पाय नव्हते.

टिटवी खिंडीच्या कडेकडेने चालू लागली. इथे पूर्वी काट्यांचं कुंपण होतं. आता उडून ओलांडता येणार नाही इतकी उंच, गुळगुळीत, काळपट भिंत उठली होती. सूर्य डोंगराच्या पलीकडून वर आला तशी ती भिंत आतून उजळत गेली आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल झाली. टिटवीने चोच मारून पाहिली. खडे होते, एकावर एक नीट बसवलेले. बदकांची पिल्लं ज्यांच्याशी खेळत होती तसलेच. फक्त हे कधी खाली निघालेच नव्हते.

तिने एका खड्याला डोळा लावला.

पलीकडे लाल माळ होता. लाल गवतात बाप फेऱ्या मारत होता, आणि त्याच्याजवळ पिल्लू उताणं पडलं होतं. शेपटीशी कोवळ्या पिसाचं टोक दिसत होतं. डावा पाय वर होता. उजवा गवतात.

टिटवीने हाक दिली. हाक भिंतीवरून पलीकडे गेली. बाप दचकून चहूकडे पाहू लागला. पिल्लाने मान वळवली नाही.

मग ती भिंतीला चिकटून उताणी झाली, एक डोळा त्या खड्याला लावलेलाच ठेवून. तिने डावा पाय वर केला. मग अगदी सावकाश, पहिल्या दिवशी शिकवतात तसा, उजवा. पाय खड्यांवर टेकले. त्या दोन पायांच्या आणि पिल्लाच्या मध्ये आता एकेका थेंबाचंच अंतर होतं.

पलीकडच्या लाल उजेडात, गवतातल्या एका इवल्या पायाची बोटं हलली, जमिनीवरून थोडी सुटली आणि तिथेच थांबली.