करडांचे घर आणि घोंगडी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत, आणि त्यांच्यापाशी एक शिष्य विद्या शिकत असे. शिष्य मनाने फार मायाळू होता. इतका, की त्याच्या मायेतून सुटका हवी असेल तर रोग्याला आधी बरे व्हावे लागे. दुपारी वैद्यबुवा आडवे झाले, की हा पावले न वाजवता जाऊन त्यांच्या उशाची खिडकी लावून घेई. थोड्या वेळाने वैद्यबुवा उठत, ती उघडत आणि पुन्हा आडवे होत. याविषयी दोघेही कधी बोलले नव्हते.

थंडीच्या सुरुवातीला एक धनगरीण कळप घेऊन त्या वाटेने चालली होती. तिची एक शेळी नुकतीच दगावली होती आणि मागे दोन करडे राहिली होती. ती पाला खाऊ लागली होती, पण लांबच्या वाटचालीला टिकण्याजोगी नव्हती. धनगरणीने दोन्ही करडे शिष्याच्या हातांत दिली.

"दादा, एवढी दोन लेकरं जगवा," ती म्हणाली. "वैशाखात माघारी येताना बघून जाईन."

"जगवीन," शिष्य म्हणाला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला असा शब्द दिला होता.

एकीला त्याने पिंगी म्हटले, दुसरीला बुटकी, आणि त्याच दिवशी परसात त्यांच्यासाठी घर बांधायला घेतले. चार मेढी रोवल्या, कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर गवत शाकारले. मग प्रत्येक फट शेणमातीने लिंपून बुजवली. दाराला गोणपाटाचा पडदा लावला. खाली पेंढ्याचा जाड थर आणि त्यावर स्वतःची घोंगडी अंथरली. ओला पेंढा काढला तर जमीन गार पडेल, म्हणून तो घोंगडी उचलून त्यावरच रोज नवा पेंढा टाकी. काम संपल्यावर त्याने आत वाकून पाहिले आणि त्याचे त्यालाच समाधान वाटले.

करडांना मात्र ते घर काही केल्या रुचेना. तिन्हीसांजेला दोघी विहिरीशेजारच्या कपडे धुण्याच्या उंच दगडावर जाऊन बसत, तेही बोचऱ्या वाऱ्यात. शिष्य त्यांना उचलून आत नेई आणि पडदा घट्ट बांधून टाकी. इतक्या उबेच्या जागेला ही पोरे का बिचकतात, याचे त्याला रोज नवल वाटे.

काही दिवसांनी दोघींना खोकला लागला. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. थंडी अजून कुठून तरी शिरते आहे असे समजून शिष्याने भिंतींवर आणखी एक हात लिंपणाचा फिरवला आणि अडुळशाचा काढा पाजला. खोकला वाढला. शेवटी एका दुपारी तो वैद्यबुवांपुढे येऊन उभा राहिला. त्याला रडू आवरत नव्हते.

"गुरुजी, बुटकीनं कालपासून पाल्याला तोंड लावलं नाही. औषध द्या. मी शब्द दिलाय हो."

वैद्यबुवा परसात आले. त्यांनी बुटकीची नाडी पाहिली नाही की जीभ पाहिली नाही. उपरणे बाजूला ठेवून ते गुडघ्यांवर रांगत त्या घरात शिरले, घोंगडीला गाल टेकून बुटकीच्या जागी चक्क आडवे झाले आणि म्हणाले, "पडदा लाव."

शिष्य चकित झाला. ही रोगपरीक्षेची कोणती रीत, ती तर गुरुजींनी कधी शिकवली नव्हती. तो बाहेर कान देऊन उभा राहिला. आतून खोकल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. वैद्यबुवा बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आता तू," ते म्हणाले.

शिष्य आत जाऊन निजला. आधी ऊब अंगभर आली आणि त्याला क्षणभर फार बरे वाटले. मग खालच्या कुजलेल्या, मुताने भिजलेल्या पेंढ्यातून उग्र दर्प वर आला. नाक झोंबले, डोळे चुरचुरले. दारात उभे राहून वाकताना जे कधी जाणवले नव्हते, ते जमिनीलगत असह्य होते. तो खोकतच बाहेर आला.

"हे घर कुणासाठी बांधलंस?" वैद्यबुवांनी विचारले.

"करडांसाठी."

"लहानपणी तू कुठे झोपायचास?"

या प्रश्नाचा येथे काय संबंध, हे शिष्याला कळेना. तरी त्याने सांगितले, "देवळाच्या ओवरीत. तीन बाजूंनी उघडी होती. पांघरायला काही नसायचं."

"मग हे घर त्या ओवरीतल्या पोरासाठी बांधलंस," वैद्यबुवा शांतपणे म्हणाले. "शेळीच्या अंगावर केस आहेत, कोरड्या जागी ती थंडी सोसते. तिला सोसत नाही ती खालची ओल आणि कोंडलेली हवा. रोज संध्याकाळी उंच, कोरड्या दगडावर बसून ती तुला हेच सांगत होती, आणि तू रोज तिला उचलून आत नेत होतास. दुसऱ्याचं दुःख आपल्या दुःखावरून ओळखता येतं, त्यात वावगं काही नाही. पण ओळख पटली की त्याला विचारावं. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याकडे बघावं."

शिष्याने आधी घोंगडी बाहेर काढून झटकली. मग त्याने सगळा पेंढा उकिरड्यावर नेला. वाऱ्याकडची भिंत तशीच ठेवून बाकी बाजूंना छपराखाली वीतभर जागा मोकळी केली. बांबूच्या कामट्यांची उंच माची बांधली, म्हणजे ओल खाली गळून जाईल. घोंगडी कुठे घालावी हे मात्र त्याला सुचेना.

"ती धू, वाळव आणि तू पांघर," वैद्यबुवा म्हणाले. "तिची गरज असलेला इथे एकच आहे."

तिन्हीसांजेला पिंगीने माचीवर पुढचे पाय टेकून पाहिले. कामट्या करकरल्या तशी ती मागे सरली. पुन्हा आली, आणि या खेपेला चढली. बुटकीही तिच्यामागे गेली. पडदा बांधावा लागला नाही. बुटकी पुढे पाला खाऊ लागली, आणि वैशाखात धनगरीण आली तेव्हा दोघी इतक्या सारख्या वाढल्या होत्या, की नावे ऐकूनही यातली बुटकी कोणती, हे तिला शिष्याला विचारावे लागले.

पण ते नंतरचे. दुसऱ्याच दिवशी दुपारी वैद्यबुवा आडवे झाले आणि शिष्याचा हात सवयीने खिडकीकडे गेला. मध्येच तो थांबला.

"गुरुजी, लावू की राहू दे?"

"राहू दे," वैद्यबुवा म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या दुपारी त्यांना मध्येच उठावे लागले नाही.