जोमाचा जप्त वारा

दर्यावरचा जुना रिवाज असा, की वाऱ्याकडून येणाऱ्या होडीने पलीकडच्या होडीला वाट द्यायची. सुभेदार त्र्यंबकरावांना तो कमीपणाचा वाटला. त्यांनी दवंडी पिटवली, "आमचं गलबत दिसताच बाजूला व्हा, नाहीतर होडी जप्त!"

दुसऱ्याच दिवशी त्यांचं गलबत वाऱ्याच्या बाजूने जोमा तांडेलाच्या होडीवर चालून आलं. गलबताच्या अवाढव्य शिडाआड वारा अडला, जोमाचं शीड लुळं पडलं आणि होडी जागीच थबकली.

"हुकूम ऐकला नाहीस? हो बाजूला!" सुभेदार गरजले.

जोमाने हात जोडले. "होतो की, सरकार! पण माझा वारा तुमच्या शिडाने आधीच जप्त केलाय. तेवढा सोडा."

टक्कर टाळायला सुभेदारांनाच गलबत वळवावं लागलं. शिडात वारा भरताच जोमा ओरडला, "हा बघा सरकार, हुकमाप्रमाणे झालो बाजूला!"